आभाळाला बोल लावणे आता पुरे



दोन शेतकरी भेटले की पहिले बोलणे आभाळाचे. पाऊस आला नाही तर का आला नाही, आला तर अवेळी का आला. थंडी पडली तर द्राक्षाचे मणी तडकतील, नाही पडली तर गहू-हरभऱ्याला मानवणार नाही. आणि डिसेंबर लागला की, 'दिवस केव्हा मावळतो तेच कळत नाही, काम उरकत नाही.' एस.टी.च्या थांब्यावर, कृषी सेवा केंद्राच्या बाकावर, लग्नाच्या मांडवात हेच बोलणे. शहरातल्या मंडळींना याचे हसू येते. शेतकरी म्हणजे सदाचा रडका. उद्या इंद्र प्रसन्न झाला तरी हा त्याला ऐरावताच्या चाऱ्याचा खर्च विचारील, असे ते म्हणतात.

हसणाऱ्यांना हसू द्या. मला बोलायचे आहे ते आपल्याशीच. आपली तक्रार खरी आहे, पण तिच्यावरचा पत्ता चुकला आहे. चुकीच्या पत्त्यावर टाकलेले पत्र कितीही कळवळून लिहिले तरी पोचत नाही. आभाळाकडे तोंड करून आपण पिढ्यान्‌पिढ्या जे बोलत आलो, त्यातले निम्मे बोलणे खरे तर तालुक्याच्या कचेरीकडे, वीज कंपनीकडे आणि दिल्ली-मुंबईकडे तोंड करून बोलायला हवे होते. आपण वर बघत राहिलो आणि समोर बसलेला माणूस सुटला.

म्हणून या बैठकीसाठी हिशेब मांडू. शेतीत चार घड्याळे चालतात. एक सूर्याचे, दुसरे पावसाचे, तिसरे सरकारचे आणि चौथे बाजाराचे. कोणते घड्याळ कोणाच्या हातात आहे ते आधी समजून घेऊ, मग कोणाशी भांडायचे ते आपोआप ठरेल.

न चुकणारे घड्याळ

सूर्याशी आपले काही भांडण नाही. शेतकऱ्याशी कराराला जागणारा या जगात तोच एकटा. आपल्या महाराष्ट्रात २१ जूनच्या सुमारास दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास अकरा तासांच्या. आजोबांच्या वेळी तेवढाच होता, नातवाच्या वेळी तेवढाच राहील. कोणत्याही मंत्रिमंडळाला त्यात एका मिनिटाची काटछाट करता आलेली नाही, हे आपले भाग्य.

पिके हे घड्याळ वाचतात. कांद्याने पात वाढवायची की गड्डा भरायचा हे दिवसाच्या लांबीवर ठरते. आपल्याकडच्या जाती अकरा-बारा तासांच्या दिवसात गड्डा धरतात. युरोपातल्या जातींना चौदा-पंधरा तासांचा दिवस लागतो, म्हणून त्या इथे लावल्या तर नुसती पात वाढवत बसतात. सोयाबीन लहान दिवसाचे पीक. अमेरिकेच्या उत्तर भागातली जात आणून विदर्भात पेरली तर झाड वीतभर वाढून फुलावर येते, कारण तिकडच्या उन्हाळ्यातला लांब दिवस त्याला इथे मिळत नाही. रब्बीच्या ज्वारीलाही दिवस आखडू लागला की पोटरीत यायचे कळते. आपल्या बापजाद्यांनी नक्षत्रांवर पेरणी बांधली तीही याच घड्याळावर. मृग लागतो तो दरवर्षी ७-८ जूनलाच, कारण ते नक्षत्र सूर्याचे.

तेव्हा 'दिवस लहान झाला' ही कुरकुर सूर्याविरुद्ध असेल तर ती सोडून द्या. पण अकरा तासांच्या त्या दिवसातले किती तास शेतकऱ्याच्या वाट्याला येतात, हा प्रश्न सोडू नका. त्याच्याकडे पुढे येतो.

सरकलेले घड्याळ

दुसरे घड्याळ पावसाचे. ते पूर्वीही मागेपुढे व्हायचे, पण आता त्याचे काटेच सरकले आहेत. हे मी म्हणत नाही, हवामान खात्याचे कागद म्हणतात. २०२० साली खात्याने मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्याने लावल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची जुनी तारीख २९ सप्टेंबर होती, ती ८ ऑक्टोबर झाली. म्हणजे नऊ दिवस पुढे गेली.

नऊ दिवस म्हणजे काय ते कचेरीत बसणाऱ्याला कळणार नाही. सोयाबीन पेरणाऱ्याला विचारा. जूनच्या शेवटी पेरलेले सोयाबीन शंभरेक दिवसांत, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला काढणीला येते. झाडाने आपले घड्याळ सूर्याकडे बघून लावले, ते वेळेवर वाळले. पाऊस मात्र अजून मुक्कामालाच. वाळलेल्या शेंगेत पाणी शिरते, दाणा काळा पडतो, उभ्या झाडावर शेंगेला कोंब फुटतात. शेतकऱ्याने पेरायला उशीर केला नाही, पिकाने पिकायला उशीर केला नाही. दोन घड्याळांच्या मध्ये फट पडली आणि त्या फटीत वर्षाचे उत्पन्न गेले.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण घ्या. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईच्या नोंदीत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. त्याच्या आधीचे दिवसही अवकाळी पावसाचेच गेले. एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेल्या द्राक्षबागांना नेमके त्या दिवसांत कडक ऊन हवे असते, कारण पुढच्या हंगामाचा घड काडीतल्या डोळ्यात सूक्ष्म रूपाने तेव्हाच तयार होतो. ढग राहिले तर डोळ्यात घडाऐवजी बाळी निघते. बागायतदाराला हे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कळते, तोवर औषध-खतांचा खर्च होऊन गेलेला असतो. मे महिन्यातला ढग दिवाळीनंतर खिसा कापतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर कोणी विसरलेले नाही. काढणीला आलेला गहू, हरभरा, द्राक्ष, डाळिंब पंधरा-वीस दिवसांत आडवे झाले.

तेव्हा अवकाळीची तक्रार म्हणजे रडगाणे नव्हे. ते निरीक्षण आहे, आणि शास्त्रज्ञांच्या निरीक्षणाशी जुळणारे आहे. पण इथे एक सावधगिरी बाळगा. पूर्वी पीक बुडाले की साहेब म्हणायचे, 'देवाची करणी.' आता साहेब शिकलेले आहेत, ते म्हणतात, 'हवामान बदल.' दोन्ही शब्दांचा उपयोग कचेरीत एकच होतो, अंगावरची जबाबदारी झटकायला. हवामान बदलले आहे हे सोळा आणे खरे. पण हवामान बदलले म्हणून सरकारी कायदे, निकष आणि तक्ते जुनेच का राहावेत, याचे उत्तर ढगात नाही.

घड्याळ माणसाने केले, माणसाला बदलता येते

तिसरे घड्याळ सरकारचे. ते देवाने दिलेले नाही. देशभर एकच प्रमाण वेळ सुरू झाली १९०६ साली. मुंबईने ती लगेच मानली नाही. ३९ मिनिटे मागे चालणारी आपली वेळ तिने १९५५ पर्यंत पाळली. आजही पालघर आणि गडचिरोलीच्या सूर्योदयात अर्ध्या तासाच्या आसपास फरक असतो, पण घड्याळ दोघांचे एकच. याचा अर्थ इतकाच की घड्याळ ही माणसांनी आपापल्या सोयीने केलेली तडजोड आहे. सोय कोणाची बघितली गेली, एवढाच प्रश्न असतो.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी हा प्रश्न विचारला होता. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, तिथल्या सरकारने उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायचा कायदा केला. शहरातल्या दुकानदारांना संध्याकाळचा उजेड हवा होता. शेतकऱ्यांची पंचाईत झाली. गवतावरचे दव उन्हाने वाळते, घड्याळाने नाही. मजूर घड्याळ बघून यायचे आणि दव वाळेपर्यंत बसून राहायचे. काम रंगात आले की त्यांची सुटायची वेळ व्हायची. गायीही घड्याळ बघून पान्हा सोडत नव्हत्या. शेतकऱ्यांनी इतका रेटा लावला की १९१९ साली, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी नकाराधिकार वापरूनही, तिथल्या संसदेने तो कायदा रद्द केला. सूर्याविरुद्ध नव्हे, घड्याळाविरुद्ध ते भांडले, म्हणून जिंकले.

आठवड्याच्या चार रात्री

आता आपल्याकडे या. आपल्या शेतीतले सगळ्यांत जाचक घड्याळ विजेच्या पाळीचे. वर्षानुवर्षे राज्यातल्या शेतीपंपांना दिवसा आठ तास किंवा रात्री आठ-दहा तास थ्री फेज वीज मिळत आली, तीही पाळीपाळीने. आठवड्यातले तीन दिवस दिवसा, चार दिवस रात्री. रब्बीच्या सतरा आठवड्यांचा हिशेब करा. अडुसष्ट रात्री होतात. कारखान्यात रातपाळी करणाऱ्याला भत्ता मिळतो, सुट्टी मिळते, दिव्याखाली काम मिळते. आपल्याला मिळतो तो चिखल, विजेरी आणि नशीब.

त्या रात्रीत काय असते ते सांगायला नको. घोणस आणि मण्यार या दोन्ही विषारी जाती रात्री हिंडणाऱ्या. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, निफाडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या. जानेवारीत हाडे गोठवणारी थंडी आणि पाय पाण्यात. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावायचा. डीपीचा फ्यूज गेला की वायरमनची वाट न बघता आपणच खांबाला हात घालायचा. यात माणसे मेली आहेत, आणि दर वेळी बातमीत कारण छापून येते ते सर्पदंश किंवा विजेचा धक्का. कारण म्हणून विजेचा तक्ता एकदाही छापून येत नाही.

शेतीशास्त्राचे म्हणाल तर रात्रीच्या पाण्याचा हिशेब याहून वाईट आहे. सेकंदाला आठ लिटर पाणी फेकणारा पंप धरा. तासाला २८,८०० लिटर झाले. आठ तासांत २ लाख ३० हजार लिटर. रात्री बारा वाजता कोण उठतो म्हणून बहुतेकांनी ऑटो स्टार्टर बसवलेला. वीज आली, पंप सुटला, पाणी एकाच एकरात रात्रभर वाहत राहिले. एका एकरावर २ लाख ३० हजार लिटर म्हणजे ५७ मिलिमीटर पाऊस पडल्यासारखे झाले. आणि सरकारच्या व्याख्येत अतिवृष्टी म्हणजे किती? चोवीस तासांत ६५ मिलिमीटर. म्हणजे सरकारी अतिवृष्टीला आठ मिलिमीटर कमी एवढे पाणी आपण आपल्याच हाताने, आपल्याच विहिरीतून, आपल्याच पिकावर ओततो. मग मुळे कुजतात, खत खाली वाहून जाते, काळी जमीन चोपण होते आणि विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. त्यानंतर व्याख्यान द्यायला साहेब येतात, 'शेतकरी पाण्याचा अपव्यय करतो.'

यावर वीज कंपनीच्या बाजूने तीन उत्तरे मिळतात. तिन्ही तपासून घेऊ.

पहिले उत्तर, रात्री पाणी दिल्याने बाष्पीभवन कमी होते. खरे आहे. पण बाष्पीभवनात वाचलेले पाणी आणि अंधारात बांध फोडून गेलेले पाणी यांची बेरीज-वजाबाकी करा. जो शेतकरी डोळ्यांनी वाफा भरताना बघतो तो पाणी वेळेवर मोडतो, हे कोणत्याही बचतीपेक्षा मोठे आहे. ठिबकवाल्याला तर हा मुद्दा जवळजवळ लागूच नाही. कडाक्याच्या थंडीत द्राक्षाला पहाटे पाणी द्यावे लागते हेही मान्य. पण ती पहाट पीक ठरवते, वीज वाहिनीचा तक्ता नाही.

दुसरे उत्तर, दिवसा विजेला मागणी जास्त, रात्री वीज शिल्लक, म्हणून शेतीचा भार रात्रीवर टाकला. औष्णिक केंद्रे रात्री बंद करता येत नाहीत, त्यांची वीज कुठे तरी खपवायची, ती शेतकऱ्याच्या झोपेच्या वेळी खपवली. हे कारण एकेकाळी समजण्यासारखे होते, जरी न्यायाचे नव्हते. आता तर ते उलटले आहे. सौर वीज वाढल्यापासून भर दुपारी वीज मुबलक असते आणि ओढाताण होते ती संध्याकाळी. ज्या ऊन्हाने वीज तयार होते त्याच ऊन्हात पिकाला पाणी हवे असते. इतका साधा मेळ बसवायला कोणता अडथळा आहे? राज्य सरकारनेच २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. ज्या वाहिन्यांना असे प्रकल्प जोडले गेले तिथे दिवसा वीज येऊ लागली. म्हणजे होऊ शकते. एका गावाला होते ते शेजारच्या गावाला का होत नाही, एवढेच विचारायचे आहे.

तिसरे उत्तर, २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत केली आहे, आता आणखी काय हवे? हे उत्तर सगळ्यांत धोक्याचे, कारण त्याने आपल्यातलीच तोंडे बंद होतात. मध्यरात्री झोपेतून उठवून वाढलेले फुकटचे जेवण म्हणजे पाहुणचार नव्हे. आपण फुकट मागितले नव्हते, वेळेवर मागितले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयापुढे शेतकरी धरणे धरून बसले ते दिवसा दहा तास विजेसाठी. बिल माफ करून तो प्रश्न मिटत नाही, कारण सापाला बिल दाखवता येत नाही.

पासष्ट मिलिमीटर आणि बहात्तर तास

सरकारच्या घड्याळाचा दुसरा काटा म्हणजे नुकसानीचे निकष. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटर नोंद झाली तर अतिवृष्टी. एका मंडळात सरासरी वीसेक गावे. गारांचा पट्टा असतो दोन-चार किलोमीटर रुंद. तो मापकाला विचारून जात नाही. मापकाच्या गावी ५० मिलिमीटर आणि तुमच्या शिवारात ९० पडला तर कागदावर तुमच्याकडे नुसता 'चांगला पाऊस झाला'. पुण्यात हवामान खात्याचा शेती विभाग १९३२ पासून आहे. तेव्हापासून आजवर यंत्रे बदलली, उपग्रह आले, पण गावच्या शेतकऱ्याला आपल्या शिवारातल्या पावसाचा सरकारमान्य आकडा अजून मिळत नाही.

विम्याची कथा याहून कडू. २०१६ साली पंतप्रधान पीक विमा योजना आली. गारपीट झाली, शेतात पाणी साचले, काढून पसरलेले पीक भिजले तर ७२ तासांत कळवा, अशी अट. ज्या पावसाने मोबाइलचा मनोरा बंद पाडला त्याच पावसाची खबर मोबाइलवरून द्यायची. तरीही लोकांनी धडपड करून कळवले, काहींना पैसे मिळाले. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात विमा केला. मग बोगस अर्ज फार झाले म्हणून २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची सोय काढली, आणि तिच्याबरोबर स्थानिक आपत्तीची व काढणीनंतरच्या नुकसानीची जोखीमही काढली. उरले ते पीक कापणी प्रयोगातले मंडळाचे सरासरी उत्पन्न. चोर पकडता आले नाहीत म्हणून घराचे छप्परच उतरवून नेले. आणि छप्पर उतरवल्याच्या त्याच खरिपात, सप्टेंबरमध्ये, सोलापूर, धाराशिव, बीडच्या शिवारांत सीना आणि मांजरा घुसल्या.

त्यानंतर राज्याने मोठा मदतीचा आकडा जाहीर केला, रब्बीसाठी हेक्टरी दहा हजार जास्तीचेही सांगितले. द्यायलाच हवे होते. पण मूळ निकष काय आहे तो पाठ करून ठेवा. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेली कोरडवाहू पिकाची मदत हेक्टरी ८,५०० रुपये. गुंठ्याला ८६ रुपये पडले. एका गुंठ्याची माती खरवडून गेली, बी गेले, खत गेले, चार महिने गेले, त्याचे ८६ रुपये. हा आकडा आभाळातून पडलेला नाही. कोणीतरी खुर्चीवर बसून, पंख्याखाली, पेनाने लिहिला आहे.

बाजारातली गारपीट

चौथे घड्याळ बाजाराचे, आणि त्यातही अवकाळी आहे. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली, निफाडकडच्या बागा आणि कांदा झोडपला गेला. बरोबर बारा दिवसांनी, ८ डिसेंबरला, केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात कर लावून झालाच होता. मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी कर राहिला, सप्टेंबरमध्ये तो २० टक्के झाला आणि १ एप्रिल २०२५ ला संपला. गारांचा पंचनामा करायला तलाठी आला. बंदीचा पंचनामा करायला कोण आले? गारा एका पट्ट्यात पडल्या, बंदी प्रत्येक कांदा उत्पादकाच्या चाळीवर पडली. गारांतून वाचलेला कांदा बंदीने मारला. हे हवामान दिल्लीत तयार होते आणि त्याचा अंदाज कोणतेही खाते वर्तवत नाही.

कुरकुर वहीत उतरवा

एवढा हिशेब झाल्यावर आपले काम काय ते सांगतो. कुरकुर बंद करा असे मी म्हणणार नाही. कुरकुर हे शेतकऱ्याचे ज्ञान आहे. ते हवेत विरून जाते म्हणून वाया जाते. ते कागदावर आणा. कचेरीला रडगाण्याची भीती नाही, तारीखवार नोंदीची आहे.

प्रत्येक गावात एक शंभर पानी वही घाला. एका पानावर चार रकाने: तारीख; वीज किती वाजता आली आणि गेली; पाऊस किती; त्या दिवशी काय घडले, म्हणजे डीपी जळाली, साप निघाला, गारा पडल्या, शेंगेला कोंब दिसले. पावसासाठी महागडे यंत्र नको. सरळ उभ्या कडांचा, तोंड आणि बूड सारख्या रुंदीचा पत्र्याचा डबा घ्या. झाड-भिंतीपासून दूर, उघड्यावर, कलंडणार नाही असा बसवा. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खाते नोंद घेते त्याच वेळी, आत पट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर आहे ते लिहा आणि डबा रिकामा करा. सरकार हा आकडा एकदम मानणार नाही. पण एका तालुक्यातल्या चाळीस गावांच्या वह्या तहसीलदाराच्या टेबलावर एकदम पडल्या, आणि मंडळाच्या मापकाशी त्या जुळेनात, की उत्तर देण्याची पाळी त्यांची होईल. वही लिहायला शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा. बापापेक्षा ती नियमाने लिहील.

या वह्यांच्या जोरावर जिल्ह्याच्या बैठकीत चार मागण्यांचा ठराव करू.

एक, शेतीपंपांना सलग आठ तास थ्री फेज वीज सूर्य वर असताना मिळाली पाहिजे. ज्या वाहिनीवर हे आजच शक्य नाही तिचे नाव आणि ते होण्याची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लेखी लागली पाहिजे.

दोन, प्रत्येक ग्रामपंचायतीत सरकारमान्य पर्जन्यमापक हवा, आणि त्याची रोजची नोंद गावासमोर उघडी हवी.

तीन, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान यांना विम्यात कायमची जागा हवी. सोयाबीनची काढणी आणि पावसाच्या परतीची नवी तारीख यांत पडलेली फट ज्याला दिसत नाही, त्याने विम्याचे नियम लिहू नयेत.

चार, कांद्याच्या निर्यातीचे धोरण रोपे टाकण्यापूर्वी जाहीर व्हावे आणि पीक बाजारात जाईपर्यंत बदलू नये. आम्ही पेरल्यावर शब्द फिरवत नाही, त्यांनीही फिरवू नये.

यातली एकही मागणी आभाळाकडे नाही. चारही मागण्यांवर सही करणारा हात माणसाचा आहे, आणि त्या माणसाची कचेरी सकाळी पावणेदहाला, चांगल्या लख्ख उजेडात उघडते. बैठकीला येताना वही घेऊन या. ज्यांच्या गावात अजून सुरू झाली नसेल त्यांनी जाताना बाजारातून एक वही घ्यावी, आणि परवाच्या सकाळी साडेआठला पहिली ओळ लिहावी.